मुरलेली सर्दी, तुंबलेल्या वाटा आणि कात्रजची हवा

सर्वसाधारण सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते. परंतु काही माणसांच्या बाबतीत ती मुरते, म्हणजे नाक सतत चोंदलेले राहते, घट्ट स्राव मागच्या मागे घशात उतरतो, गालांच्या हाडांत आणि भुवयांच्या मध्ये दडपण जाणवते, वास मंदावतो, आणि पावसाळा सरून हिवाळा लागला तरी यातले काहीच हटत नाही. नाक आणि सायनस यांच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहण्याच्या या विकाराला जुनाट सायनसदाह म्हणतात. त्याचे निदान करताना डॉक्टर दोन गोष्टींची सांगड घालतात: वरील चार लक्षणांपैकी किमान दोन, त्यांतही नाक चोंदणे किंवा स्राव येणे यांपैकी एक, सलग १२ आठवडे वा अधिक काळ असणे, आणि नाकात दुर्बीण घालून किंवा सीटी स्कॅन काढून सूज, पू वा पॉलिप, म्हणजे अस्तराला सुजेमुळे आलेले मऊ कोंब, प्रत्यक्ष दिसणे. यातील दुसरी अट विशेष महत्त्वाची, कारण केवळ लक्षणे विचारून युरोपात केलेल्या मोठ्या पाहणीत सुमारे ११ टक्के लोक या व्याख्येत बसले होते, आणि दुर्बीण वा स्कॅनची जोड दिली की हेच प्रमाण बरेच खाली येते.

पुण्याच्या दक्षिण टोकाला, घाटाच्या पायथ्याशी वाढत गेलेल्या कात्रजसारख्या उपनगरात हा विकार नीट समजून घेण्याची गरज अधिक आहे. तेथे एकतर ‘हवाच तशी आहे’ असे म्हणून त्याकडे काणाडोळा केला जातो, नाहीतर दर महिना-दोन महिन्यांनी प्रतिजैविकांचा नवा कोर्स घेऊन त्याच्याशी झुंज दिली जाते. आणि मूळ दुखणे जंतूंचे कमी व सुजलेल्या अस्तराचे अधिक असल्याने या दोन्ही वाटांनी ते हटत नाही.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या आणि कवटीच्या हाडांतील हवेने भरलेल्या पोकळ्या होत. त्यांच्या चार जोड्या असतात: एक गालांच्या हाडांत, एक कपाळात, एक दोन्ही डोळ्यांच्या मधल्या जागेत लहान लहान कप्प्यांच्या रूपात, आणि एक नाकाच्या अगदी मागे कवटीच्या तळाशी. गालातला सायनस सर्वांत मोठा, प्रौढ माणसात साधारण १५ मिलिलिटरचा. मात्र त्याचे नाकात उघडणारे तोंड अवघे काही मिलिमीटर रुंद असते. ही रचना समजण्यासाठी कात्रजकरांना दूर जावे लागत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालून बांधलेल्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत नेण्यात आले, आणि वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले गेले, ज्यांमुळे नळात हवा खेळती राही आणि सफाईही करता येई. तलाव कितीही भरलेला असला तरी नळाच्या एखाद्या अरुंद जागी गाळ बसला की पुढचा हौद कोरडा पडणार आणि पाणी मागे तुंबणार, हे त्या व्यवस्थेचे मर्म सायनसलाही लागू पडते. फरक एकच, पण तो मोठा आहे: कात्रजचा नळ उताराच्या जोरावर वाहत होता, तर गालातल्या सायनसचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला आहे, त्यामुळे उभ्या माणसाच्या गालातला स्राव गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवून बाहेर काढावा लागतो.

हे काम पक्ष्माभिका करतात. पक्ष्माभिका म्हणजे श्लेष्मल त्वचेवरची, केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी लव; ती सेकंदाला दहा ते वीस वेळा एकाच दिशेने हलते आणि तिच्यावरचा चिकट स्रावाचा पातळ थर मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने तोंडाकडे सरकवत नेते. श्वासाबरोबर आलेली धूळ, परागकण आणि जंतू या थराला चिकटतात, घशाकडे वाहून जातात आणि गिळले जातात, म्हणजे निरोगी माणूसही दिवसभर हा स्राव गिळतच असतो. तो पातळ आणि वाहता असतो, एवढ्यासाठीच त्याची जाणीव होत नाही. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी या प्रवाहाचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा असे आढळले की सायनसला दुसरीकडे, सोयीच्या जागी छिद्र पाडले तरी लव आपला स्राव मूळच्या तोंडाकडेच नेत राहते. गालातल्या सायनसच्या तळाकडे नवे छिद्र पाडणाऱ्या जुन्या शस्त्रक्रिया अनेकदा का फसत, याचा उलगडा त्यातून झाला.

गालांतील, कपाळातील आणि डोळ्यांमधल्या पुढच्या कप्प्यांतील सायनसची तोंडे नाकाच्या बाजूच्या भिंतीवर एका चिंचोळ्या जागेत एकत्र येतात, आणि बहुतेक दुखण्याची सुरुवात येथे होते. ॲलर्जीने, विषाणूजन्य सर्दीने किंवा धुराने येथील अस्तर एक-दोन मिलिमीटर जरी सुजले तरी समोरासमोरचे दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात, लव थांबते, आतली हवा शोषली जाऊन प्राणवायू घटतो, स्राव दाट होतो, आणि अशा साचलेल्या स्रावात जंतू वाढले की त्यांच्यामुळे सूज आणखी वाढते. हे चक्र महिनोन्‌महिने चालू राहिले की अस्तराचा पोतच बदलतो, लवेचे पट्टे झिजतात, आणि जंतू पृष्ठभागावर चिकट आवरण करून त्याखाली दडून राहतात, जेथे प्रतिजैविक फारसे पोहोचत नाही. म्हणून गोळ्यांच्या प्रत्येक कोर्सनंतर आठवडाभर बरे वाटून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न होतात. काही रुग्णांत तर जंतूंचा वाटा गौणच असतो. शरीराची प्रतिकारयंत्रणाच इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींच्या आधाराने अस्तराला सतत सुजवत ठेवते आणि त्यातून पॉलिप लोंबू लागतात. अशा रुग्णांना पुष्कळदा दमाही असतो, आणि त्यांतील काहींना ॲस्पिरिन वा तत्सम वेदनाशामक गोळी घेतल्यास धाप लागते, जी गोष्ट औषध लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आवर्जून सांगावी अशी आहे. दुखणे एकाच बाजूचे असेल आणि स्रावाला दुर्गंधी येत असेल, तर वरच्या दाढेची कीड तपासावी लागते, कारण त्या दाढांची मुळे गालातल्या सायनसच्या तळाला अगदी लागून असतात आणि दाताचा उपचार केल्याशिवाय नाकाचा कोणताही उपचार तेथे टिकत नाही.

कात्रजच्या हवेचा या सगळ्यात वाटा काय, हे पाहताना तेथील भूगोल आधी लक्षात घ्यावा लागतो. दक्षिणेला डोंगररांग, तिच्यातून जुना घाट आणि नवा बोगदा, त्यातून मुंबई-बंगळूरु महामार्गावर अहोरात्र चालणारी अवजड वाहने, आणि चढावर खालच्या गिअरमध्ये निघणारा त्यांचा धूर असे हे चित्र आहे. त्यात कात्रज चौकातील उड्डाणपुलाचे बांधकाम, वर्षानुवर्षे रेंगाळलेले कात्रज-कोंढवा रस्त्याचे रुंदीकरण, आणि आंबेगाव, संतोषनगर, सुखसागरनगर या भागांत उभ्या राहिलेल्या इमारती यांची धूळ मिसळते. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा लवकर थंड होते आणि जड होऊन खालीच बसते, ज्याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. पायथ्याच्या सखल भागात अशी हवा सकाळी ऊन तापेपर्यंत हलत नाही, त्यामुळे पहाटे फिरायला निघणाऱ्यांच्या नाकात दिवसातील सर्वांत वाईट हवा जाऊ शकते. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या ‘सफर’ या हवेच्या गुणवत्तेच्या यंत्रणेने पुण्यात जी मोजणी केंद्रे उभारली, त्यांत कात्रजचाही समावेश होता. भारतीय मानकानुसार अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावी लागते, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. हे अंतर पाहिले की मानकात बसणारी हवाही निर्धोक असतेच असे नाही, हे ध्यानात येते.

येथे एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. धूळ थेट सायनसमध्ये जाऊन साचते अशी समजूत आहे, ती बरोबर नाही; तोंडे इतकी अरुंद असतात की फार थोडे कण आत पोहोचतात. रस्त्याच्या धुळीतील मोठे कण नाकाच्या पुढच्या आणि मधल्या भागात अडतात, आणि त्यांच्यामुळे तोंडांभोवतीचे अस्तर सुजते, लवेची गती मंदावते. म्हणजे इजा दाराशी होते आणि तुंबण आत होते. म्हणूनच नाक धुणे या साध्या उपायाला एवढे महत्त्व आहे.

धुळीइतकाच दुसरा घटक परागकणांचा. पुण्याच्या पडीक जमिनींवर, रस्त्याच्या कडेला आणि अर्धवट बांधकामांभोवती पावसानंतर माजणारे गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, हे मूळचे अमेरिका खंडातले. भारतात ते पसरत असल्याची पहिली शास्त्रीय नोंद १९५० च्या दशकात पुण्यातूनच झाली. उगवल्यापासून साधारण महिनाभरात ते फुलते, आणि त्याचे सूक्ष्म परागकण शिंका, नाकाची खाज आणि पाण्यासारखा स्राव घडवतात, तर त्याच्या स्पर्शाने काहींच्या त्वचेवर चट्टे उठतात. ॲलर्जीची ही सर्दी आणि जुनाट सायनसदाह हे दोन वेगळे विकार असले, तरी पहिली वर्षानुवर्षे उपचाराविना राहिली तर दुसऱ्याला वाट मोकळी होते, आणि हीच जोडी येथे सर्वाधिक दुर्लक्षित राहते.

घराच्या आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा स्वच्छ असते, हा विश्वास तपासून पाहण्याजोगा आहे. डास पळवण्यासाठी रात्रभर जाळलेली एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठ यांनी २०१६ मध्ये फटाक्यांच्या धुराची मोजणी केली, तेव्हा सर्वांत जास्त कण मोठ्या आवाजाच्या फटाक्याने नव्हे, तर लहान मुले दाराशी बसून पेटवतात त्या नागगोळीने सोडले. त्या धुरात घनमीटरमागे सुमारे ६४,५०० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण होते. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी, गाद्या-उशांमधले धुळीचे किडे, बंद खोलीतील धूप-उदबत्ती, घरातल्या कोणाची विडी-सिगारेट आणि काही घरांत अजूनही ओढली जाणारी तपकीर यांचाही हिशेब येथेच मांडावा लागतो. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुणे, झाडण्याआधी ओल्या फडक्याने पुसणे, कॉइलऐवजी मच्छरदाणी लावणे आणि ओलीचे मूळ, म्हणजे गळणारा पाइप वा गच्ची, दुरुस्त करणे या गोष्टी अगदी साध्या आहेत, तरी औषधाच्या चिठ्ठीत त्या क्वचितच लिहिल्या जातात.

या विकाराने जीव जात नाही, म्हणून त्याचे परिणाम हलके मानले जातात, आणि तेथेच रुग्णावर अन्याय होतो. अमेरिकेतील ग्लिक्लिच आणि मेटसन यांनी १९९५ मध्ये नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णांच्या जीवनमानाची तुलना इतर दीर्घकालीन रोगांशी केली, तेव्हा शारीरिक वेदना आणि लोकांत मिसळण्याची क्षमता या दोन बाबतींत सायनसचे रुग्ण हृदय निकामी होत चाललेल्या वा दीर्घकालीन कंबरदुखी असलेल्या रुग्णांपेक्षाही खाली निघाले. रात्री नाक चोंदल्याने झोप तुटते, सकाळी डोके जड राहते, तोंडाने श्वास घेतल्याने घसा कोरडा पडतो, कामात लक्ष लागत नाही, आणि हे सारे बाहेरून दिसत नसल्याने घरच्यांना व वरिष्ठांना ते आळसाचे वाटते. दमा असलेल्यांत वरचा श्वसनमार्ग सुजलेला असेल तर खालचाही अधिक चिडतो. नाकाकडे लक्ष न देता फक्त इनहेलर वाढवत गेल्यास दमा आटोक्यात येणे अवघड होते.

वास जाण्याचा परिणाम स्वयंपाकघरात सर्वांत आधी कळतो. वरणाला दिलेल्या फोडणीत हिंग पडला की नाही हे कळत नाही, करपलेले दूध भांड्याच्या तळाशी दिसेपर्यंत लक्षात येत नाही, नासलेले दूध चहात फाटल्यावरच ओळखू येते, आणि जेवणाची चव म्हणून जे मानले जाते त्यातला मोठा भाग वासाचाच असल्याने अन्नावरची वासना उडते. यापेक्षा गंभीर गोष्ट सिलिंडरची. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात, आणि ज्या घरातील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाला वासच येत नाही, तेथे हे सुरक्षेचे साधन निकामी ठरते. अशा घरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवणे आणि रात्री रेग्युलेटर बंद करणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच सर्रास घडते: जुनाट डोकेदुखी सरसकट सायनसच्या खात्यावर मांडली जाते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे स्वतः किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून मानणाऱ्या सुमारे ३ हजार लोकांना तपासले असता त्यांतील ८८ टक्के लोकांची डोकेदुखी अर्धशिशीच्या निकषांत बसली. अर्धशिशीतही नाक वाहू शकते, डोळ्यांत पाणी येते आणि गालांवर दाब जाणवतो, म्हणून हा घोटाळा होतो. परंतु नाक मोकळे आहे, स्राव नाही, दुखणे ठणकत येते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, मळमळते आणि काही तासांनी ते जाते, असे असेल तर सायनसची औषधे वर्षभर घेऊनही गुण येणार नाही.

उपचाराचा पाया दोन गोष्टींवर उभा आहे, मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि नाकात फवारायचे सौम्य स्टेरॉइड. पहिली गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही; हठयोगाच्या सहा शुद्धिक्रियांत नेतीचा समावेश आहे, आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला स्थापन केलेल्या कैवल्यधामने योगातील क्रिया प्रयोगशाळेत तपासण्याची परंपरा सुरू केली. मात्र जलनेतीसाठी पाणी कोणते घ्यावे याविषयी हयगय चालत नाही. नळाचे कच्चे पाणी नाकात घेतल्याने अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये दोघांचा मेंदूत शिरणाऱ्या अमीबाने मृत्यू झाला. तेच पाणी पिण्यात धोका नव्हता, कारण जठरातील आम्ल या अमीबाचा नाश करते, नाकाच्या छताशी मात्र असे संरक्षण नाही. म्हणून पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट होऊ द्यावे, लिटरला सुमारे ९ ग्रॅम साधे मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा, आणि उरलेले पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. वाकून, मान एका बाजूला कलती करून, तोंडाने श्वास चालू ठेवत वरच्या नाकपुडीत पाणी सोडले की ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. नंतर पुढे वाकून हलकेच नाक शिंकरावे, जोर लावल्यास पाणी कानाकडे जाते. भांडे प्रत्येक वेळी धुऊन कोरडे करावे.

स्टेरॉइड फवारा नाक धुतल्यानंतर मारायचा असतो, आणि तो उपयोगी पडत नाही अशी तक्रार बहुधा चुकीच्या पद्धतीमुळे होते. मान मागे टाकून, टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे ठेवून जोरात ओढल्यास औषध घशात उतरते आणि पडद्यातून रक्त येते. त्याऐवजी मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात व डावीसाठी उजवा, आणि टोक त्याच बाजूच्या कानाकडे वळवलेले असावे. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत फवारा सोडून देणे म्हणजे उपचार सुरूच न करणे होय. औषधाच्या दुकानात सहज मिळणारे, पाच मिनिटांत नाक मोकळे करणारे थेंब मात्र वेगळ्या जातीचे. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतात, आणि पाच-सात दिवसांहून अधिक वापरल्यास नाक त्यांच्यावाचून उघडेनासे होते. वाफेने तात्पुरता आराम वाटतो, परंतु मूळ सुजेवर तिचा उपयोग सिद्ध नाही, आणि पातेले कलंडून भाजण्याचा धोका, विशेषतः मुलांना, खराच आहे.

नियमित औषधोपचारानंतरही फरक पडला नाही, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रियेचा विचार होतो. मेसरक्लिंगर यांच्या निरीक्षणांवर आधारलेली ही पद्धत मूळची तोंडेच रुंद करते आणि लवेला तिचे काम पुन्हा करू देते. सूज मात्र ती काढून टाकत नाही, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही नाक धुणे आणि फवारा चालू ठेवावा लागतो, विशेषतः पॉलिप असलेल्यांना. ‘नाकाचे हाड वाढले आहे’ या एका वाक्यावर ऑपरेशनला तयार होण्याआधी दुर्बिणीची तपासणी आणि स्कॅन झालेच पाहिजेत.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, म्युकरमायकोसिसचे रुग्ण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आढळले आणि तेव्हापासून सायनस या शब्दाचीच अनेकांना धास्ती वाटते. तो आजार निराळा: अनियंत्रित मधुमेह आणि दुबळी प्रतिकारशक्ती यांच्या आधाराने काही दिवसांत ऊती कुजवत जाणारा. जुनाट सायनसदाहाचे रूपांतर सहसा त्यात होत नाही. तरीही डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, तीव्र डोकेदुखीसह ताप आणि मान आखडणे, गाल बधिर होणे, किंवा एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे यांपैकी काहीही दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

घराघरांतील काळजीला मर्यादा आहेत, कारण वाहतूक पोलीस, बांधकामावरचे मजूर, रस्त्यालगतचे विक्रेते आणि रिक्षाचालक यांना आपली हवा निवडता येत नाही; त्यांना निदान एन-९५ मास्क कामाच्या साहित्याबरोबर मिळायला हवा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात पुण्याचा समावेश झाला, आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. बांधकामाभोवती हिरवे कापड आणि पाण्याचा फवारा, उकरलेल्या रस्त्याचे वेळेत डांबरीकरण, आणि कोपऱ्यावर पेटवलेल्या पालापाचोळ्याची तक्रार या गोष्टी नाकाच्या आरोग्याच्याच आहेत. सोसायट्यांच्या आवारात आणि मोकळ्या भूखंडांवर गाजर गवत उगवते ते पहिल्या पावसानंतर. ते फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि मास्क घालून मुळासकट उपटल्यास त्या हंगामाचे परागकण हवेत येतच नाहीत, आणि उपटलेले गवत जाळण्याऐवजी खड्ड्यात पुरून त्याचे खत करता येते.